तळं सर्वांचं, मग शौचालय कुणाचं? महाड ते पुनावळे

'सार्वजनिक' हा शब्द आपण फार सहज वापरतो. सार्वजनिक रस्ता, सार्वजनिक बाग, सार्वजनिक शौचालय. पाटीवर हा शब्द दिसला की ती जागा सगळ्यांची झाली, असे आपण गृहीत धरतो. पण आंबेडकरी चळवळीचा शंभर वर्षांचा इतिहास पाहिला तर तो याच एका शब्दाशी झालेला झगडा आहे. सार्वजनिक म्हणजे नेमके कुणाचे? सरकारी पैशातून बांधलेल्या जागेचा वापर कोण करणार आणि दारातून परत कोण जाणार? हा प्रश्न बाबासाहेबांनी महाडला विचारला. आज तोच प्रश्न आम्हाला पिंपरी-चिंचवडच्या टोकावर, पुनावळ्यात विचारायचा आहे. या वेळी विषय तळ्याचा नसून शौचालयाचा आहे, आणि दारातून परत जाणारी माणसे अपंग आहेत.

शौचालयासारखा विषय आणि त्यासाठी महाडचा इतिहास? काही मित्रांना हे खटकेल. मात्र तहान आणि शौच या दोन्ही शरीराच्या सारख्याच निकडीच्या गरजा आहेत. पाणी पिण्याचा प्रश्न माणुसकीचा असेल, तर ते पाणी शरीराबाहेर टाकायला जागा मिळण्याचा प्रश्नही माणुसकीचाच आहे.

ठराव झाला, तळे मिळाले नाही

आधी इतिहास नीट समजून घेऊ. ४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबई कायदे कौन्सिलात रावबहादूर सी. के. बोले यांचा ठराव मंजूर झाला. सरकारी निधीतून बांधलेल्या किंवा चालवलेल्या पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, शाळा, न्यायालये, कचेऱ्या, दवाखाने अशा सर्व सार्वजनिक जागा अस्पृश्यांना खुल्या असाव्यात, असा तो ठराव होता. महाड नगरपालिकेने ५ जानेवारी १९२४ रोजी चवदार तळे खुले करण्याचा ठराव केला. म्हणजे कागदावर तळे आपले झाले होते. तरी पुढची तीन वर्षे एकाही अस्पृश्याला त्या तळ्याचे पाणी पिता आले नाही. सरकारचा ठराव होता, नगरपालिकेचा ठराव होता, पण तळ्याच्या काठावर सत्ता दुसऱ्यांची होती.

पालिका ऐकत नाहीत हे पाहून बोले यांनी १९२६ मध्ये आणखी एक ठराव मांडला. ज्या नगरपालिका आणि लोकल बोर्डे अंमलबजावणी करणार नाहीत त्यांचे सरकारी अनुदान बंद करावे, ही त्यातली मागणी. हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे त्याचे काम आहे.

२० मार्च १९२७ रोजी बाबासाहेब हजारो लोकांसह तळ्यावर गेले आणि ओंजळीने पाणी प्याले. त्यानंतर सवर्णांनी १०८ घागरी पंचगव्य ओतून तळ्याचे 'शुद्धीकरण' केले. ४ ऑगस्ट १९२७ रोजी नगरपालिकेने आपला ठराव मागे घेतला. तारखेचा योगायोग पाहा, बोले ठरावाला त्या दिवशी बरोबर चार वर्षे झाली होती. डिसेंबरमध्ये विरोधकांनी तळे खासगी असल्याचा दावा करून न्यायालयातून मनाई हुकूम आणला. २५ डिसेंबरला मनुस्मृतीचे दहन झाले. मुंबई उच्च न्यायालयाचा अखेरचा निकाल आपल्या बाजूने लागला तो १७ मार्च १९३७ रोजी. ठरावापासून निकालापर्यंत जवळजवळ चौदा वर्षे गेली.

यातून आपण काय शिकलो? हक्क कागदावर लिहिला म्हणून हाती येत नाही. आणि 'सार्वजनिक' ही पाटी लावल्याने जागा सार्वजनिक होत नाही. त्या जागेचा वापर सर्वांना करता आला तरच ती सार्वजनिक.

मनुस्मृतीत अपंगही होते

मनुस्मृती का जाळली हे सांगताना आपण शूद्र, अतिशूद्र आणि स्त्रिया यांच्यावरील अन्याय सांगतो. तो सांगायलाच हवा. पण त्याच ग्रंथाच्या नवव्या अध्यायातील २०१ वा श्लोक काढून पाहा. जन्मांध, बहिरे, मुके, वेडे, इंद्रियहीन अशा सर्वांना वडिलोपार्जित संपत्तीत वाटा नाही, असे तिथे सांगितले आहे. पुढे त्यांना अन्नवस्त्र द्यावे असेही म्हटले आहे. म्हणजे हक्क काढून घ्यायचा आणि दया द्यायची. अकराव्या अध्यायात शरीरातील व्यंगाचा संबंध थेट पापाशी जोडला आहे. 'मागच्या जन्मीचे भोग' हे वाक्य आजही अपंग मुलाच्या आईला ऐकवले जाते, त्याचे मूळ या विचारात आहे. जात जन्मावरून, व्यंगही जन्मावरून, आणि दोन्हींचे खापर पूर्वकर्मावर. व्यवस्थेला काही बदलायला नको.

वारशाचा हा नियम मोडायला कायदा करावा लागला. १९२८ च्या हिंदू वारसा (अपात्रता निवारण) कायद्याने अपंगत्वामुळे वारसा नाकारणे बरेचसे थांबवले, तरी जन्मतः मतिमंद वा वेडा ठरवलेल्या माणसाला तेव्हाही वगळले होते. १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याने रोग, दोष किंवा व्यंग या कारणाने वारसा नाकारता येणार नाही हे स्पष्ट केले. ज्या हिंदू कोड बिलासाठी बाबासाहेबांनी मंत्रिपद सोडले, त्याच प्रवाहातला हा कायदा आहे.

पाणवठ्याचेही तसेच. १८९८ च्या कुष्ठरोगी कायद्यानुसार सरकार आदेश काढून कुष्ठरोग्यांना, पालिकेने मनाई केलेल्या सार्वजनिक विहिरी-तळ्यांवर आंघोळ करण्यास, कपडे धुण्यास आणि पाणी घेण्यास बंदी करू शकत होते. भाड्याच्या सार्वजनिक गाडीत बसण्यावरही बंदी घालता येत होती. बोले ठरावाने तळे अस्पृश्यांना खुले करण्याचा विचार चालला होता, त्याच काळात दुसरा कायदा काही आजारी माणसांना तळ्यापासून दूर ठेवण्याची मुभा देत होता. केंद्राचा हा कायदा रद्द झाला २०१६ मध्ये. त्याच वर्षी संसदेने अपंग व्यक्तींच्या हक्कांचा नवा कायदा केला आणि त्यात कुष्ठरोगमुक्त व्यक्तींनाही हक्कधारक मानले.

अस्पृश्यता आणि अपंगत्व एकच आहे, असे आमचे म्हणणे नाही. अस्पृश्यता धर्माच्या आज्ञेने, काठीच्या जोरावर लादली गेली. शौचालयाची पायरी बहुधा कुणी द्वेषाने बांधत नाही. बांधणाऱ्याच्या मनात अपंग माणूस आलेलाच नसतो. पण परिणाम पाहा. महाडला तळ्यावर पहारा ठेवायला माणसे लागत होती. इथे पहारेकऱ्याची गरजच नाही. तीन पायऱ्या आणि साठ सेंटीमीटरचा दरवाजा ते काम चोवीस तास, बिनपगारी करतात.

संविधानातली गाळलेली जागा

बोले ठरावाचा आणि महाडचा अनुभव संविधानात उतरला. कलम १५(२) मध्ये विहिरी, तलाव, स्नानघाट, रस्ते आणि राज्याच्या निधीतून पूर्णतः किंवा अंशतः चालवलेल्या सार्वजनिक जागांच्या वापरात धर्म, वंश, जात, लिंग, जन्मस्थान यावरून अडवता येणार नाही असे लिहिले आहे. या यादीत अपंगत्व नाही. अपंगत्वाचा उल्लेख आहे तो कलम ४१ मध्ये, साहाय्य मिळण्याच्या संदर्भात, आणि ते मार्गदर्शक तत्त्व आहे. ही गाळलेली जागा भरायला पुढे पंचेचाळीस वर्षे लागली.

१९९५ मध्ये अपंगांसाठी पहिला सर्वंकष कायदा झाला. सार्वजनिक इमारतींना रॅम्प आणि व्हीलचेअर वापरणाऱ्यांना वापरता येतील अशी शौचालये, हे त्यात लिहिले होते. मात्र सोबत एक शेपूट होते: 'आर्थिक क्षमतेच्या मर्यादेत'. ही पळवाट सापडल्यावर कुठली पालिका हात हलवणार? २००७ मध्ये भारताने संयुक्त राष्ट्रांच्या अपंग हक्क करारावर शिक्कामोर्तब केले. ३ डिसेंबर २०१५ ला सुगम्य भारत अभियान सुरू झाले. १९ एप्रिल २०१७ पासून नवा कायदा अमलात आला. अपंगत्वाचे प्रकार सातावरून एकवीस झाले. कलम ४४ नुसार सुगमतेचे नियम न पाळणाऱ्या इमारतीला बांधकाम परवानगी नाही आणि पूर्णत्वाचा दाखलाही नाही. कलम ४५ नुसार जुन्या सार्वजनिक इमारती नियम निघाल्यापासून पाच वर्षांत सुगम करायच्या होत्या. नियम निघाले १५ जून २०१७ ला. म्हणजे मुदत संपली जून २०२२ मध्ये.

८ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने राजीव रतुरी प्रकरणात सरकारच्या नियमांमधला नियम १५ मूळ कायद्याशी विसंगत ठरवला. कारण कायदा म्हणतो 'केलेच पाहिजे' आणि नियम नुसत्या शिफारशींवर बोट ठेवतो. तीन महिन्यांत बंधनकारक निकष ठरवा, असा आदेश झाला. १५ जानेवारी २०२५ च्या राजीव कलिता प्रकरणात याच न्यायालयाने देशभरातल्या न्यायालयांच्या आवारात पुरुष, स्त्रिया, अपंग आणि तृतीयपंथी व्यक्तींसाठी शौचालये असली पाहिजेत, असा आदेश दिला आणि हा प्रश्न कलम २१ च्या जगण्याच्या हक्काशी जोडला.

१९२३ ते १९३७ ही चौदा वर्षे आपल्याला प्रदीर्घ वाटतात. १९९५ पासून मोजा. तीस वर्षे होत आली.

पुनावळ्याचा हिशेब

आता आपल्या परिसरात येऊ. १९५४ मध्ये पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स आली, १९६२ मध्ये एमआयडीसी स्थापन झाली, आणि शेतीच्या गावांचा औद्योगिक पट्टा झाला. १९७० मध्ये पिंपरी-चिंचवड नगरपालिका, १९८२ मध्ये महानगरपालिका. १९९७ मध्ये आसपासची गावे हद्दीत घेतली, त्यात पुनावळे होते. आज हिंजवडीचे आयटी पार्क जवळ, महामार्ग दारात, म्हणून इथे टॉवरवर टॉवर उभे आहेत.

या टॉवरांत ज्यांचे फ्लॅट आहेत त्यांच्या घरी दोन-दोन शौचालये आहेत. प्रश्न त्यांचा कमी आणि टॉवर बांधणाऱ्यांचा, राखणाऱ्यांचा, झाडणाऱ्यांचा जास्त आहे. बांधकाम मजूर, सुरक्षारक्षक, घरकामगार बाया, भाजीवाले, रिक्षावाले, पार्सल पोहोचवणारी पोरे. यांचा दिवस रस्त्यावर जातो आणि यांच्यातच अपंग होण्याचा धोका सगळ्यात मोठा. भोसरी-चाकणच्या पट्ट्यात पॉवर प्रेसखाली बोटे गमावलेला कामगार ही नवलाची गोष्ट नाही. परातीवरून पडून कंबर गेलेला मजूरही नाही. २०११ च्या जनगणनेत देशात २.६८ कोटी अपंग नोंदले गेले. एकूण लोकसंख्येत हे प्रमाण २.२१ टक्के, तर अनुसूचित जातींत २.४५ टक्के. कुपोषण, धोक्याची कामे, उशिरा मिळणारे उपचार यांचा हा हिशेब आहे. अपंगत्वालाही जात आणि वर्ग आहे.

हाताची बोटे नसलेल्या माणसाला घट्ट कडी लावता येत नाही, नळ फिरवता येत नाही. गुडघा न वाकणाऱ्याला भारतीय पद्धतीच्या भांड्यावर बसता येत नाही. अंध व्यक्तीला आत काय कुठे आहे हे कळायला स्पर्शाच्या खुणा लागतात. प्रौढ मतिमंद मुलाला घेऊन आलेल्या आईने कुठे जायचे, पुरुषांच्या बाजूला की स्त्रियांच्या? अपंग स्त्रीची पाळी असेल तर काय? आमच्यासारख्या वस्त्यांत काम करणाऱ्यांना यावर लोकांनी शोधलेला एकच उपाय दिसतो: बाहेर जायचे असेल त्या दिवशी सकाळपासून पाणी प्यायचे नाही. त्यातून मूत्रमार्गाचा संसर्ग होतो, किडनीचे दुखणे होते आणि शेवटी माणूस बाहेर पडणेच सोडतो. मग शिक्षण नाही, रोजगार नाही, मोर्चा नाही, मतदानालाही जाणे नाही. एक शौचालय नसल्याने माणूस नागरिकत्वातूनच बाद होतो.

आणि लागते काय? दरवाजा किमान ९० सेंटीमीटर रुंद आणि बाहेर उघडणारा. आत व्हीलचेअर वळवायला दीड मीटर जागा. कमोड बसल्या खुर्चीच्या उंचीचा. दोन्ही बाजूंना धरायला दांडे. बाहेर एकास बारा उताराचा रॅम्प, म्हणजे एक फूट चढायला बारा फूट लांबी. जमिनीवर पडलेल्या माणसाच्याही हाताला येईल अशी मदतीच्या घंटीची दोरी. चंद्रावर यान पाठवणाऱ्या देशाला यातले काय अवघड आहे?

महापालिका गरीब आहे म्हणावे तर तेही नाही. अपंगांसाठी ५ टक्के निधी राखून ठेवण्याचा नियम आहे. मोरवाडीत दिव्यांग भवन उभे केले आहे, त्याचे स्वागत आहे. पण मोरवाडीतल्या एका भवनाने पुनावळ्याच्या चौकातली अडचण सुटत नाही. आणखी एक गोष्ट ध्यानात घ्या. मार्च २०२२ मध्ये नगरसेवकांची मुदत संपली आणि कारभार काही वर्षे प्रशासकाकडे गेला. कायद्याची मुदत संपली जून २०२२ मध्ये. जाब विचारायचा तेव्हा सभागृहच नव्हते.

लोकांनी रेटा लावला की सरकार हलते, हे पुनावळ्याने पाहिले आहे. इथल्या नियोजित कचरा डेपोला रहिवाशांनी संघटितपणे विरोध केला आणि डिसेंबर २०२३ मध्ये तो रद्द करण्याची घोषणा विधिमंडळात झाली. नको असलेली गोष्ट हटवायला लोक एकत्र आले. हवी असलेली गोष्ट मागायला का येऊ नयेत?

शब्द गोड, दार बंद

डिसेंबर २०१५ मध्ये पंतप्रधानांनी 'दिव्यांग' हा शब्द सुचवला. अस्पृश्यांना 'हरिजन' म्हटले गेले तेव्हा काय झाले ते आठवा. १९३८ मध्ये मुंबई विधिमंडळात हा शब्द कायद्यात घालायचे ठरले, तेव्हा बाबासाहेब आणि त्यांचे सहकारी निषेध करून सभागृहाबाहेर पडले. देवाचे नाव चिकटवून स्थान बदलत नाही, हे त्यांना कळत होते. ज्यांना 'दिव्यांग' शब्द आपला वाटतो त्यांच्याशी आमचे भांडण नाही. आमचे भांडण दिव्यत्व देऊन शौचालय न देणाऱ्यांशी आहे.

दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. अनेक ठिकाणी अपंगांसाठीचे शौचालय बांधलेले असते, पण त्याला कुलूप असते. आत झाडू, बादल्या, तुटक्या खुर्च्या. कारण विचारले तर उत्तर येते, साफ कोण करणार? इथे हा प्रश्न पुन्हा जातीपाशी येतो. शौचालये साफ करणारे हात कुणाचे आहेत, हे आपल्याला कुणी सांगायला नको. १९९३ आणि २०१३ असे दोन कायदे होऊनही हाताने मैला साफ करण्याची प्रथा पुरती संपलेली नाही, आणि शहरांत सफाईचे काम ठेकेदारीत ढकलले गेले आहे. म्हणून सुगम शौचालयाची मागणी करताना सफाई कामगाराला कायम नोकरी, पुरेसे वेतन, यंत्रे आणि सुरक्षा साधने मागितली पाहिजेत. एका शोषिताची सोय दुसऱ्या शोषिताच्या पाठीवर उभी राहणार असेल तर ती समता नव्हे.

विहाराच्या दारातला प्रश्न

पुनावळ्यापासून काही किलोमीटरवर देहूरोड आहे. रंगूनहून आणलेल्या बुद्धमूर्तीची स्थापना बाबासाहेबांनी तिथे २५ डिसेंबर १९५४ रोजी केली. मनुस्मृती दहनाचाच तो दिवस. दरवर्षी तिथे जनसागर लोटतो. त्या गर्दीत व्हीलचेअरवरचा उपासक, काठी टेकत आलेली आजी शौचाला कुठे जाते? आपल्या वस्तीतल्या विहाराला रॅम्प आहे का? हा प्रश्न महापालिकेला विचारण्याआधी आपापल्या विहार समितीला विचारू या.

यात परके काही नाही. विनयपिटकातल्या चुल्लवग्गात भिक्खूंच्या शौचालयाचे बारीक नियम आहेत. चढताना भिक्खू पडू लागले तेव्हा बुद्धांनी धरायला कठडा बांधण्याची अनुमती दिली. म्हातारपणाने थकलेला एक भिक्खू शौचाहून उठताना पडला, तेव्हा धरून उठण्यासाठी वरून लोंबता आधार लावायला सांगितले. अडीच हजार वर्षांपूर्वीचा हा शौचालयातला आधाराचा दांडाच आहे! पडलेल्या भिक्खूला दोष दिला नाही, जागा बदलली. त्याच विनयात अंध, लंगडे, हात तुटलेले यांना प्रव्रज्या देण्यास मनाई आहे, हेही आम्ही लपवणार नाही. ग्रंथ कोणताही असो, तो तपासून घ्यायचा हे बाबासाहेबांनीच शिकवले. त्यातला आधाराचा दांडा घ्यायचा आणि मनाई मागे टाकायची.

चळवळींनी एकमेकींना साथ दिल्याचा इतिहासही आपल्या जवळचा आहे. १९७७ च्या एप्रिलमध्ये सॅन फ्रान्सिस्कोत अपंग कार्यकर्त्यांनी सरकारी कार्यालयात जवळजवळ चार आठवडे ठिय्या दिला. कायदा १९७३ मध्ये झाला होता, पण नियमांवर सही होत नव्हती. त्या आंदोलकांना रोज गरम जेवण पोहोचवले ते ब्लॅक पँथर पक्षाने. त्याच पँथरांपासून प्रेरणा घेऊन १९७२ मध्ये मुंबईत दलित पँथर उभी राहिली होती. आपण पँथरचा वारसा सांगतो, मग तो जेवणाचा डबाही आपल्या वारशात धरला पाहिजे.

काय करायचे?

१. माहितीच्या अधिकारात विचारा: आपल्या प्रभागात सार्वजनिक शौचालये किती, त्यातली अपंगांना वापरता येणारी किती, आणि त्यांची सुगमता तपासणी कधी झाली?

२. २०१७ नंतर पूर्णत्वाचा दाखला मिळालेल्या मॉल, रुग्णालये, मंगल कार्यालये यांची यादी मागा. कलम ४४ पाळले का ते प्रत्यक्ष जाऊन पाहा. सोबत अपंग साथी असलाच पाहिजे. टेप त्याच्या हातात द्या.

३. जिथे कायदा मोडला तिथे पुण्यातील अपंग आयुक्तालयात लेखी तक्रार करा. पहिल्या उल्लंघनाला दहा हजारांपर्यंत आणि पुढच्या प्रत्येक उल्लंघनाला पन्नास हजार ते पाच लाख रुपये दंडाची तरतूद कायद्यात आहे.

४. बोले यांची १९२६ ची मागणी पुन्हा मांडा: जी पालिका सुगमता पाळत नाही तिला स्वच्छतेचे बक्षीसही नको आणि अनुदानही नको.

५. आपल्या प्रत्येक सभेत, जयंतीत, धम्म परिषदेत एक तरी सुगम शौचालय असल्याशिवाय मंडप उभारायचा नाही, असा ठराव करा आणि पाळा.

महाडला हजारो लोक गेले ते फक्त पाण्यासाठी नव्हते. आपणही माणूस आहोत हे सिद्ध करायला ते गेले होते. पुनावळ्याच्या चौकात पायऱ्यांसमोर थांबलेला माणूसही तेवढेच मागतो आहे. त्याला कुणाची दया नको आहे. त्याला एक रॅम्प, एक रुंद दरवाजा आणि आतून लागणारी कडी हवी आहे.

जय भीम!